ऑर्विलने आणलेले चतुर

माझा थोरला भाऊ ऑर्विल बोलत नाही. मुका नाही, तोतरा नाही, कुणावर रुसलेलाही नाही. बोलायची त्याला गरजच वाटत नाही. देवाने दोघांच्या वाटणीचं बोलणं माझ्या एकटीच्या तोंडात भरलं, असं आमची आई म्हणायची, आणि म्हणताना माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायची. मी वेल्मा स्प्रॅग. गावातलं एकुलतं एक दुकान मी चालवते. गळ, दोऱ्या, कॉफी, रबरी बूट आणि फुकटचे सल्ले, सगळं माझ्याकडे मिळतं.

ऑर्विल राहतो तळ्याच्या आतल्या कोपऱ्यात. तिथे त्याच्या चार लाकडी खोल्या आहेत. उन्हाळ्यात बोस्टनहून, न्यूयॉर्कहून मासे धरायला पाहुणे येतात, त्यांना तो होडीतून फिरवतो, दुपारी एखाद्या बेटावर उतरवून बटाटे, कांदे आणि ताजा मासा तळून घालतो, आणि संध्याकाळी परत आणतो. एवढ्या सगळ्यात तो जेमतेम दहा शब्द खर्च करतो. मासा कुठे आहे ते वल्ह्याने दाखवतो. एकदा एक जाडजूड पाहुणा होडीतून तोल जाऊन पाण्यात पडला. ऑर्विलने त्याला कॉलरला धरून वर ओढला, बसवला, अंगावर घोंगडी टाकली आणि म्हणाला, "थंड असेल." बास. तो माणूस पुढच्या वर्षी परत आला आणि मला हाच गाइड हवा म्हणाला. म्हणे घरी बायको फार बोलते. त्या बिचारीची बाजू कुणी विचारली नाही.

हिवाळ्यात तळं गोठलं की ऑर्विल शेडमध्ये होड्या बांधतो. सीडरच्या लाकडाच्या पट्ट्या वाफेवर मऊ करायच्या, साच्यावर वाकवायच्या, वर कॅनव्हास ताणून बसवायचा. त्या वाफेचा वास मला लहानपणापासून आवडतो. मी डबा घेऊन जायची, पिंपावर बसून गावातल्या सगळ्या भानगडी सांगायची, आणि तो खिळे ठोकत राहायचा. कधीतरी मान हलवायचा. आमच्या दोघांचं उत्तम चालायचं. पण बहिणीचं निराळं आणि बायकोचं निराळं. ऑर्विलचं लग्न झालं नाही, आणि का झालं नाही हे आमच्या गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता आर्डेल. आर्डेल फिकेट वर टेकडीवर राहते, ब्लूबेरीच्या माळावर. तिथे झाड म्हणून नाही, नुसता वारा. नवरा लॉइड वारला त्याला बरीच वर्षं झाली. मुलं दूर गेली. आर्डेल गळाला लावायच्या खोट्या माश्या बांधते. कोंबड्याची पिसं, हरणाचे केस, रेशमी दोरा, असलं काहीबाही घेऊन आकड्यावर असा किडा बांधेल की मासाच काय, तुम्हीसुद्धा फसाल. खिडकीत बसते, चिमटा लावते, चष्मा नाकावर, आणि बोटं अशी चालतात की बघतच राहावं. कुठल्या किड्याला किती पाय, कुठला मांडीत जाड, कुठल्याची शेपूट दुभंगलेली, हे तिला पाठ. ऑर्विल दर शनिवारी पाहुण्यांसाठी माश्या आणायला तिच्याकडे जायचा. माश्या घ्यायच्या, कॉफी प्यायची, खिडकीतून माळ बघायचा आणि घरी यायचं. असं किती वर्षं चाललं ते मी मोजलं नाही. गावाने मोजलं असेल.

मग एका शनिवारी तो तिला म्हणाला, "खुर्ची केलीय."

एवढंच. आर्डेल शहाणी बाई, तिला कळलं. त्याच्या पडवीत आजवर एकच खुर्ची होती. तिने मला नंतर हे सांगितलं तेव्हा माझा असा संताप झाला की काय सांगू! मी सरळ त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, "अरे शुंभा, बाईला मागणी घालायची तर खुर्ची केलीय असं म्हणतात का? चार शब्द जुळवता येत नाहीत तुला?"

"कळलं तिला," ऑर्विल म्हणाला.

कळलं होतंच. पण ती हो म्हणाली नव्हती. ती म्हणाली, "तुझ्या त्या कोपऱ्यातले डास मला जिवंत ठेवायचे नाहीत, ऑर्विल. जुलै महिन्यात एक संध्याकाळ, जेवणापासून अंधार पडेपर्यंत, डोक्यावर जाळी न घेता मला तुझ्या पडवीत बसता आलं, तर मी येईन."

हे नुसतं नखऱ्याचं बोलणं नव्हतं. आर्डेलला डास चावला की लिंबाएवढी गाठ येते. डोळ्याजवळ चावला तर डोळा बंद. आणि ऑर्विलच्या कोपऱ्यात मागे दलदल, पुढे तळं, मध्ये सीडरची गर्द झाडी. तिथे जांभई द्यायची तरी तोंडावर हात धरावा लागतो. मलमं तिला सोसत नाहीत, अंगावर पुरळ उठतं. ऑर्विलने पडवीला जाळी ठोकायची तयारी दाखवली, म्हणजे टेप घेऊन मापं घ्यायला लागला, तर ती म्हणाली, "पिंजऱ्यात बसायला मी कोंबडी आहे का?"

मला मनातून वाटलं, झालं, बाईने गोड शब्दांत नाही म्हटलंय. जुलैमध्ये ऑर्विलच्या पडवीत डास नसणं म्हणजे जानेवारीत तळ्यात पोहणं. पण माझ्या भावाने ते मनावर घेतलं. खरंच मनावर घेतलं. बोलत नसला तरी एकदा एखादी गोष्ट त्याच्या डोक्यात शिरली की ती बाहेर काढायला कुऱ्हाड लागते.

त्याच सुमारास बातमी आली की खालच्या अंगाच्या एका गावाने डासांवर उपाय म्हणून चतुराची पिल्लं विकत आणून डबक्यांत सोडली. चतुर लहानपणी पाण्यात राहतो, तिथे डासांच्या अळ्या खातो, आणि मोठा होऊन बाहेर उडायला लागला की उडते डास खातो. माझी आजी चतुराला सैतानाची सुई म्हणायची आणि खोटं बोलणाऱ्या मुलांची तोंडं तो शिवून टाकतो असं सांगून आम्हाला घाबरवायची. आता त्याच सैतानाच्या सुईला लोक पाव्हण्यासारखं बोलावून आणत होते! मी दुकानात ही बातमी सगळ्यांना मीठमसाला लावून सांगितली. ऑर्विल खिळे घ्यायला आला होता. त्याने ऐकलं, खिळे खिशात टाकले आणि गेला.

विकत कशाला आणायचे, हा आमचा स्प्रॅग लोकांचा स्वभाव. वसंतात बर्फ वितळलं की ओढ्यांमधून बारीक चंदेरी मासे वर चढतात, ते धरायला आमच्याकडे घरटी लांब दांड्याचं जाळं असतं. ऑर्विलने ते जाळं घेतलं आणि मागच्या ओढ्यात उतरला. ओढ्याच्या वळणावर कुजलेल्या पानांचा थर साचतो, तो उपसायचा, काठावर पसरायचा आणि त्यातून पिल्लं वेचायची. चतुर खूप जातींचे असतात, तशी पिल्लंही. काही लांबट आणि गुळगुळीत, काही केसाळ, चिखलात रुतून बसणारी. ऑर्विलने ती सगळी परत पाण्यात सोडली आणि फक्त एक जात ठेवली. सगळ्यात मोठी.

मी शेडमध्ये गेले तर बादल्या भरलेल्या.

"हे काय, झाडाच्या साली भरून आणल्यास?" मी विचारलं.

त्याने काडीने एक साल डिवचली. ती चालायला लागली! मी किंचाळले, खोटं कशाला बोलू. तो प्राणी पानासारखा चपटा, जवळजवळ गोल, काळपट तपकिरी, आणि त्याला कोळ्यासारखे लांब फाकलेले पाय. पोट एवढं रुंद की वरून बघितलं तर डोकं म्हणजे पानाच्या टोकाला आलेला फोडच वाटावा. कुजक्या पानांत पडला असेल तर तुम्ही त्याच्यावर पाय देऊन जाल. ऑर्विलने एक बारीक मासा बादलीत सोडला. मासा त्या सालीच्या नाकासमोरून गेला मात्र, हनुवटीखाली घडी करून ठेवलेला लांब ओठ सट्कन बाहेर आला, मासा पकडला आणि परत आत.

"बघ," ऑर्विल म्हणाला. चेहरा असा फुललेला की जणू हे बाळ त्यानेच जन्माला घातलंय.

त्याचा हिशोब मला कळला. आमच्याकडे गाइड लोकांच्या रक्तातच आहे हे. मोठा मासा जास्त खातो, मोठं मूस-हरीण जास्त चरतं, मोठं ते चांगलं. दुकानाच्या भिंतीवर फोटो लावायचा तो मोठ्याचाच. तेव्हा मोठा चतुर जास्त डास खाणार, यात शंका घ्यायचं काही कारण त्याला दिसलं नाही. मलाही दिसलं नाही. मी म्हणाले, "आण बाबा, चांगले भरपूर आण." एवढ्या बाबतीत दोष माझाही आहे, पण थोडाच.

ती पिल्लं वाढायला वर्षं घेतात, पण त्याने मोठी मोठीच वेचलेली, त्यामुळे बरीचशी बाहेर पडायच्या बेताला आलेली. शरद ऋतूत बादल्या झाल्या, वसंतात परत बादल्या झाल्या. सगळी त्याच्या कोपऱ्यात, धक्क्याखाली, काठाच्या पानांत सोडली. आणि जून संपता संपता धक्क्याच्या खांबांवर, दगडांवर, उलट्या घातलेल्या होडीच्या पोटावर रिकामी सालं चिकटलेली दिसायला लागली. पाठीवर उभी चीर, आतून चतुर निघून गेलेला. ऑर्विल रोज सकाळी ती सालं बघत फिरायचा. त्या दिवसांत मी त्याला शीळ घालताना ऐकलं. माझा भाऊ, शीळ! मी दुकानात चार बायकांना सांगितलं तर त्यांना खरं वाटेना.

चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाला, आमच्याकडे सॅमन मासा आणि ताजे मटार व्हायलाच हवेत. वर्षाचे पहिले मटार त्याच सुमाराला भरतात. ऑर्विलने तो दिवस ठरवला. म्हणजे त्याने माझ्या दुकानाच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं आणि टेकडीच्या दिशेने मान वळवली. मी आर्डेलला गाडीतून घेऊन आले. तिने निळा झगा घातला होता, केस बांधले होते. गाडीत मी म्हणाले, "अगं, तुला नाही म्हणायचं असेल तर सरळ म्हण. माझ्या भावाने या डासांसाठी जे केलंय ते बघून मला रडू येतं."

"मला नाही म्हणायचंय असं कोण म्हणालं?" आर्डेल म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "वेल्मा, लॉइड एवढा बोलायचा की मी त्याला गप्प बस म्हणायची. तो गेल्यावर पहिला हिवाळा घरात घड्याळ तेवढं वाजायचं. मी परत तसल्या घरात जायचं का, हा विचार करतेय मी."

ऑर्विलचा स्वभाव मी बदलू शकत नव्हते, आणि तिची भीती खोटी नव्हती. म्हणजे डासांचं निमित्त होतं, आणि तिकडे तो बिचारा कमरेएवढ्या गार पाण्यात उभा राहून जाळं ओढत होता.

गाडी ठेवतात तिथून पडवीपर्यंत सीडरच्या सावलीतून वाट जाते. तेवढ्या वाटेतच डासांनी तिला गाठलं. मी टोपीने वारा घालत होते, ती मान पार खाली घालून चालली होती, पण कपाळ, कान, डोळ्याची कड, कुठे म्हणून सोडलं नाही मेल्यांनी. पडवीत पोचेस्तोवर गाठी उठायला लागल्या. जेवण होईपर्यंत डावा डोळा पार मिटला आणि उजव्यातून पाणी गळायला लागलं. चष्मा काढून तिने मांडीवर ठेवला, त्याचा उपयोगच नव्हता. सॅमन मात्र तिने दोनदा वाढून घेतला. ऑर्विल समोर बसून तिच्याकडे बघत होता आणि त्याला घास गिळवत नव्हता.

ऊन अजून भरपूर होतं. आमच्याकडे जुलैत संध्याकाळ लांबते. मी दुसऱ्या दिवशीचे मटार सोलायला घेतले. डास कमी नव्हते हो, अजिबात कमी नव्हते. मला वाटलं, जास्तच आहेत. पूर्वी या वेळेला कोपऱ्यावर मोठाले हिरवे चतुर घारीसारखे फिरायचे, दर वर्षी फिरायचे, ते आज कुठे दिसत नव्हते. इतक्यात जोराची फडफड झाली आणि काहीतरी येऊन पडवीच्या कठड्यावर बसलं.

"काय आहे ते?" आर्डेलने मान वळवली. "केवढा आवाज पंखांचा!"

"चतुर," ऑर्विल म्हणाला.

"ते कळलं. कसा आहे?"

"मोठा."

"ऑर्विल स्प्रॅग," आर्डेल म्हणाली, "माझा एक डोळा बंद आहे आणि दुसऱ्यातून धार लागलीय. एवढ्या आवाजाचा चतुर मी कधी बांधला नाही, आणि मला तो बांधायचाय. तू माझे डोळे हो. बघ आणि नीट सांग."

ऑर्विलने माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं असेल, वेल्मा आहे, वेल्मा सांगेल. माझ्या जिभेवर आलंच होतं. पण मी मूठभर कच्चे मटार तोंडात कोंबले आणि चावत बसले.

तो कठड्यापाशी गुडघ्यावर बसला. मग म्हणाला, "माझ्या मधल्या बोटाएवढा लांब."

"बरं. पुढे?"

"डोकं लहान. अंगाच्या मानाने फारच लहान. छाती जाड, काळी. त्यावर पिवळे पट्टे. तिरपे. म्हणजे... थांब." तो आणखी वाकला. "पाठीवर दोन, बारीक. बाजूला आहेत ते रुंद. एकदम सरळ नाहीत, तू ब्रशने ओढशील तसे."

"डोळे?"

"हिरवे. गर्द. कोवळ्या सीडरसारखे."

"एकमेकांना टेकलेत?"

"नाही. मध्ये जागा आहे. चांगली रुंद."

आर्डेलची बोटं मांडीवर हवेतच माशी बांधत होती, ती थांबली. मोठ्या हिरव्या चतुराचे डोळे डोक्यावर एकमेकांना चिकटलेले असतात, हे मला त्या दिवशी कळलं. तिला ते आधीपासून माहीत होतं.

"पाय कसे आहेत?" तिने विचारलं.

"लांब. काळेभोर. मागचे दोन तर वाजवीपेक्षा लांब, आणि मजबूत. आत काटे आहेत, करवतीसारखे. त्याने धरलं की सुटत नसणार काही. पंख आडवे पसरून बसलाय. पंख स्वच्छ आहेत, शिरा काळ्या, आणि पुढच्या कडेला टोकाजवळ एकेक लांबट काळा ठिपका. चारही पंखांना." ऑर्विल आता थांबत नव्हता. मी चावायची थांबले. "पोट काळं, दोन्ही कडांना पिवळे डाग. छातीजवळ मोठे, खाली जाता जाता लहान होत गेलेत. शेवटाकडे पोट थोडं फुगलंय. आणि आर्डेल, उडत येताना तो शेपटीचं टोक खाली वळवून आला. गळाच्या आकड्यासारखं. तुला नुसतं आकड्याला धरून बांधता येईल, वेगळं वळवायला नको."

"तोंडात काय आहे त्याच्या?" आर्डेलने विचारलं. "चावल्याचा आवाज येतोय मला."

ऑर्विल गप्प झाला. मला वाटलं, संपलं, पुन्हा कुलूप लागलं. मी वाकून बघितलं. मी त्याच्या जागी असते ना, तर डास म्हटलं असतं आणि मोकळी झाले असते. तिला कुठे दिसत होतं?

"चतुर," ऑर्विल म्हणाला. "आपला हिरवा, मोठा. डोकं खाऊन झालंय त्याचं. आता छाती खातोय."

"हं," आर्डेल म्हणाली. "मला वाटलंच. डोळे लांब लांब म्हणालास तेव्हाच. चतुरमार आहे तो. मोठ्या मोठ्या किड्यांवर जगतो. दुसरे चतुर, फुलपाखरं, जे सापडेल ते. डासाकडे तो ढुंकून बघत नसेल. एवढ्या मोठ्या देहाला डास कुठे पुरायचा?"

ऑर्विल तसाच गुडघ्यावर होता. कोपऱ्यावर एकही हिरवा चतुर का फिरत नव्हता ते त्याला आता कळलं. तो बोलायला लागला तेव्हा आधी मला वाटलं तो त्या किड्याशी बोलतोय.

"मीच आणले," तो म्हणाला. "ओढ्यातून. वळणावरच्या पानांत होते. बारीक होते ते मी टाकून दिले, आर्डेल. तेच चांगले असणार, जे टाकले ते. हे चपटे होते, पानासारखे, मला वाटलं एवढा मोठा म्हणजे खाईल पण तेवढं. पाणी एवढं गार होतं की पायाची बोटं संध्याकाळपर्यंत कळायची नाहीत. मी रोज येऊन बघायचो. रात्री ती पिल्लं धक्क्यावर चढायची, पाठ फाटायची, आणि आधी डोकं बाहेर यायचं. मग पाय काढून तो लटकून राहायचा, आणि मग उरलेला निघायचा. अगदी ओला, फिकट. पंख चुरगळलेले, तुझ्या टेबलावर पडलेल्या रेशमासारखे. डोळे तेव्हा असे हिरवे नव्हते, मातकट होते. मी तिथेच बसून राहायचो. मला वाटायचं, हा उडाला की तुझ्यासाठी उडाला."

या माणसाबरोबर मी एका घरात वाढले, आणि एवढं बोलणं मी त्याच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. आई गेली तेव्हासुद्धा नाही.

तो उठला, आत गेला आणि दाराच्या खिळ्यावरची डोक्याची जाळी घेऊन आला. ती आर्डेलच्या हातात देत म्हणाला, "घे, घाल. चेहऱ्याचं काय झालंय तुझ्या. मी तुला वर सोडतो. टेकडीवर आता वारा असेल."

त्याने जाळी दिली म्हणजे काय दिलं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. जाळी घातली की शर्त मोडली, आणि शर्त त्याने स्वतःच्या हाताने मोडायला काढली होती.

आर्डेलने जाळी चाचपली, तिची घडी केली आणि माझ्या मटारच्या टोपलीत टाकली.

"बस खाली," ती म्हणाली. "चेहरा कसा आहे त्याचा ते तू सांगितलंच नाहीस."

"चावतायत तुला."

"चावू देत. डासांना जाळी असते, ऑर्विल. गप्प बसणाऱ्या माणसाला काय लावायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता कळलं, त्याला नुसतं विचारायचं असतं. तर चेहरा?"

ऑर्विल बसला. "पिवळट आहे," तो म्हणाला. "थोडासा हिरवट पिवळा. कपाळ रुंद. जबडा चालतोय, पण घाई नाही त्याला. आपला जॉर्डन म्हातारा मक्याचं कणीस खातो तसा." आर्डेल हसायला लागली. सुजलेल्या चेहऱ्याने हसताना दुखत असणार, गाल धरून हसत होती. मग त्याने जॉर्डन म्हाताऱ्याची आणखी एक गोष्ट सांगितली, जी मलाही माहीत नव्हती. मला, गावातल्या दुकानदारणीला! मग कुठलीशी होडी बांधताना झालेली फजिती. मग पाण्यात पडलेला तो पाहुणा. चतुरमाराने खाणं संपवलं, पंख उरले ते कठड्यावर टाकले आणि शेपूट वळवून निघून गेला. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. डास येत होते, आर्डेल गालावर चापट मारायची आणि म्हणायची, "मग?" आणि तो पुढे सांगायचा.

माझे मटार कधीच सोलून झाले होते. मी रिकामी सालं उगाच चिवडत बसले होते, कारण उठले तर पडवीची फळी करकरेल आणि त्याची तंद्री मोडेल अशी मला धास्ती. पाणी काळं झालं. पलीकडच्या काठावर कुणी तरी चार जुलैचा एक फुसका बाण सोडला, त्याचा उजेडही पडला नाही धड.

आर्डेलचा उजवा डोळाही आता मिटला होता. तिने माझ्या दिशेने तोंड केलं.

"वेल्मा, अंधार पडला का गं?"

"कधीचाच," मी म्हणाले.

"बरं." तिने हात पुढे करून ऑर्विलची बाही शोधली आणि धरली. "मग उद्या ट्रक घेऊन वर ये. माझं सामान फार नाही, पण पिसांच्या पेट्या आहेत, त्या हलक्या हाताने उचलाव्या लागतात."

"कसली कसली पिसं आहेत?" ऑर्विलने विचारलं.

ती सांगायला लागली. मी टोपली काखेला मारली, गाडीची किल्ली चाचपली आणि येते म्हणाले. दोघांपैकी एकानेही ऐकलं नाही.